काढून न घेतलेला धक्का

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. मान वगैरे काही नाही, तिला धड हुद्दाच नव्हता. अकरा वर्षं ती संगणकावर इलेक्ट्रॉनांची गणितं चालवत होती. शोधनिबंध छापून येई प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या नावाने. घरी आई विचारी, "तुझं नाव कुठंय यात?" या वेळी मात्र सरांनी शब्द दिला होता, तिचं नाव लागेल म्हणून.

काही पदार्थांत इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके धरून असतात की एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागते. सगळ्या दिशा सारख्या असूनही थंडीत ते एकच दिशा पकडतात. संगणकात मात्र ते ढिम्म बसून राहतात. म्हणून सुरुवातीला एका बाजूने जरासा धक्का द्यायचा आणि मग काढून घ्यायचा. त्यानंतरही झुकलेले राहिले, तर तो त्यांचा स्वभाव. सरळ झाले, तर ती आपली ढकलाढकल.

"असू दे धक्का, ताई," सर म्हणाले होते. "चित्र काय सुरेख येतंय! मी सांगेन तेव्हा काढा."

तिने दोनदा आठवण करून दिली. सरांनी दोन्हीदा हो-हो केलं. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही, कारण नावाचा मोह तिलाही होता. निबंध गाजला. नाव तेवढं नेमकं राहून गेलं. "पुढच्या वेळी नक्की," सर म्हणाले, आणि ती पुढच्या गणिताला लागली.

वर्षभराने दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तेच गणित करून पाहिलं आणि शंका काढली. सरांनी घाईघाईने तिला धक्का काढायला लावला. गणिताच्या शंभर फेऱ्यांत सगळे इलेक्ट्रॉन सरळ. निबंध मागे घ्यावा लागला. माघारीच्या पत्रात सरांनी लिहिलं, की गणित चालवणाऱ्या बाईंकडून धक्का काढायचा राहून गेला. खाली तिचं नाव, वडिलांच्या नावासकट.

"मी दोनदा विचारलं होतं, सर."

"लेखी आहे का काही?" सरांनी शांतपणे विचारलं.

लेखी काहीच नव्हतं. माघारीच्या पत्राचा छापील कागद तिने घरी नेऊन टेबलावर टाकला. आईने चष्मा लावला. इंग्रजी तिला अक्षरं जुळवण्यापुरतंच येई. पानावरून बोट फिरवत ती लेकीच्या नावावर थांबली, मग नवऱ्याच्या नावावर.

"आलं बाई एकदाचं," ती म्हणाली. "बाबांचंही घातलंस. काय लिहिलंय गं तुझ्याबद्दल?"

"काम मी केलं, असं लिहिलंय," ती म्हणाली.