मीठ पिकेपर्यंत थांबले

माझ्या फोनमध्ये समुद्राचे खूप फोटो आहेत. दीपगृहांचे तर विचारायलाच नको. पांढरी आहेत, काळ्या पट्ट्यांची आहेत, एकाच्या कठड्यावर घार बसलेली आहे. माझ्या माहेरच्या मिठागराचा मात्र एकही फोटो नाही. आईने तेवढा एकच मागितला होता.

आमचे हे पनवेलच्या एसटी स्टँडजवळून पर्यटकांची गाडी चालवतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, कधी पार रत्नागिरी. मुलीचं लग्न झाल्यावर मी घरात एकटी पडले, म्हणून पुढची सीट रिकामी असली की मला बरोबर घेऊन जायला लागले. मुलीने सासरी जाताना तिचा जुना फोन मला दिला होता. गाडीतल्या पाहुण्यांशी काय बोलावं ते मला सुचत नाही. हातात फोन असला की बरं पडतं. फोटो काढणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. माझी सुरुवात अशी लपायला म्हणून झाली.

दीपगृह हलत नाही, त्यामुळे मला धीर यायचा. लोक त्याच्यापुढे उभे राहून सेल्फी काढत असायचे. ते जाईपर्यंत मी दगडावर बसून राहायचे. दुपारी त्याचा पांढरा रंग डोळ्यांत घुसतो, ऊन उतरलं की तोच दुधासारखा होतो. ओहोटी असली तर खालचे खडक काळे आणि ओले दिसतात. हे सगळं जुळून येईपर्यंत यांचा हॉर्न दोनदा वाजलेला असायचा.

"अगं, तो खांब काय पळून चाललाय? चल!"

एकदा मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "दादा, काढू द्या हो त्यांना. तुमचे काढतात की नाही कधी?"

"माझे? मी काय बत्ती आहे?"

सगळे हसले. मीही हसले, पण फोन डोळ्यांसमोरून हलवला नाही.

थांबलं की फोटो चांगला येतो, हे मी तिथं शिकले. तेच मला नडलं.

माझं माहेर पनवेलजवळ, खाडीकाठी. मिठागर आजोबांपासूनचं, आम्ही त्याला आगर म्हणतो. बांधात एक लाकडी दार असायचं, ती उघाडी. तिच्यातून भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंड्यांमध्ये, म्हणजे मातीच्या उथळ वाफ्यांमध्ये, खेळवायचं आणि उन्हात आटू द्यायचं. आईने टोपल्या डोक्यावर वाहून मिठाच्या राशी घातल्या. मी तान्ही असताना उघाडीजवळच्या तिवराच्या झाडाला झोळी बांधून ती मला त्यात निजवायची.

तीन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला माहेरी गेले, तेव्हा तिला माझी दीपगृहं दाखवली. तिने फोन नाकाजवळ नेऊन एकेक बघितलं.

"बरी हायत," ती म्हणाली. "आपल्या आगराचा बी एक काढ गो. भराव पडनार हाय. भाऊ तुझा सही करून आला."

गुडघ्यांमुळे तिला अंगणाबाहेर जाता येत नव्हतं. आगर दहा मिनिटांवर, पण तिच्यासाठी ते लांबच.

"मना बसल्या जागी बघाला व्हईल," ती म्हणाली.

मी उठायला हवं होतं. पण बाहेर श्रावणातला चिखल अजून वाळला नव्हता. भाऊही म्हणत होता की अजून एक हंगाम निघेल.

"आई, आता काय आहे तिथं? नुसतं पाणी आणि शेवाळ. मीठ पिकू दे, पांढऱ्या राशी लागू देत, मग काढते. चांगला येईल."

"पानी बी आपलाच हाय," आई म्हणाली.

मला वाटलं, म्हातारीला फोटोतलं काय कळतंय.

माघात आम्ही रत्नागिरीकडे होतो. मी दीपगृहासमोर ऊन उतरायची वाट बघत बसले होते आणि वहिनीचा फोन आला. "वन्सं, आगरात डंपर लागले." पाहुण्यांची सहल मध्येच सोडता येत नव्हती. पोहोचले ती चौथ्या दिवशी. घरी न जाता सरळ बांधावर गेले.

जिकडेतिकडे लाल माती होती. एक कोपरा मात्र उरला होता. उघाडी होती, तिवर होता, दोन कोंड्या होत्या आणि त्यांच्या कडेला पांढरी साय धरायला लागली होती. जवळ खुर्ची टाकून एक राखणदार बसला होता.

"ओ मावशी, कुठं? इकडं काय काम हाय?"

हे आमचं आहे, एक फोटो काढते आणि जाते, एवढंच म्हणायचं होतं. त्याने नाही म्हटलं नसतं. वाईट माणूस वाटत नव्हता, खुर्चीवरून उठला नव्हता की ओरडला नव्हता. पण मी पर्स काखेत दाबली.

"काही नाही," मी म्हणाले आणि पदर सावरून वळले. फोन पर्समध्ये होता. अनोळखी माणसाशी चार शब्द बोलायला लागतील म्हणून मी माझ्या बापाच्या बांधावरून मागे फिरले. आठ दिवसांनी तो कोपराही बुजला.

आईला सांगितलं, "फोटो काढलाय, पण मुलीकडे राहिलाय. आणते." का सांगितलं, देव जाणे. तोंडातून निघून गेलं. मग प्रत्येक फोनवर ती विचारायची, "आनलास?"

चैत्रात आम्ही पालघरकडे निघालो होतो. रस्त्याला लागून एक मिठागर आलं, राशीच राशी. यांनी स्वतःच गाडी बाजूला घेतली.

"काढ. मीठ ते मीठ. आईंना काय कळणार आहे?"

मी काढला. उन्हं कलली होती, राशींच्या सावल्या लांब पडल्या होत्या. इतका चांगला फोटो मी आजवर काढला नव्हता.

तो घेऊन माहेरी गेले. आई पडवीत बसली होती. तिने फोन हातात घेतला आणि नाकाजवळ नेला. वहिनी तिच्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "अगोबाई, काय सुंदर!"

मग आईने विचारलं, "कर्नाल्याचा आंगठा कुठं गेला?"

आमच्या आगरातल्या कुठल्याही बांधावर उभं राहा, समोर कर्नाळ्याचा तो सुळका दिसायचाच. मी तो लहानपणापासून बघत आले होते. दीपगृहाच्या मागे काय दिसतंय, ढग आहे की तार आहे, हे दहा वेळा बघणारी मी, मला तो आठवला नाही.

"धुकं असेल, आई."

"मिठाच्या दिसांत धुकं?"

मी मान खाली घातली. वहिनी आत निघून गेली. आईने फोन माझ्या हातात ठेवला.

"कोनाचा बी असो," ती म्हणाली, "राशी बऱ्या घातल्यान."

त्यानंतर तिने परत विचारलं नाही. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुपात तांदूळ निवडत होती. मी शेजारी जाऊन बसले. तिने खडे बाजूला टाकले, तळहाताने तांदूळ सपाट केले आणि माझं बोट धरलं. माझं बोट तांदळातून ओढत म्हणाली, "यो मोठा बांध. हितं उघाडी. यो तुझा तिवर. हितून पानी पयल्या कोंडीत यायचा." बोट वळवायचं झालं की ती माझं नख दाबायची. फोन माझ्या मांडीवर होता. तो उचलायचा तर तिच्या मुठीतून हात काढावा लागला असता. मी नाही काढला.

आतून वहिनीने हाक मारली, "आई, आधण उकळलं, तांदूळ द्या."

आईने सूप दोनदा पाखडलं आणि आत दिलं. करंजाहून आणलेल्या सुक्या जवळ्याबरोबर आम्ही तो भात जेवलो.

गेल्या पावसाळ्यात आई गेली.

आता पनवेलच्या घरी तांदूळ निवडताना मी ते सुपात पसरते. मोठा बांध जमतो. उघाडी जमते, तिवर जमतो. पुढे डाव्या हाताला कोंड्या चार की पाच, ते आठवत नाही. भाऊ म्हणतो चार. मला वाटतं पाच. आईने माझं नख तिथं दाबलं होतं, एवढं आठवतं, पण कितीदा?

बोट तिथंच थांबतं. खाली यांच्या गाडीचा हॉर्न वाजतो. मी तांदूळ सारखे करते आणि उठते.