रंग सावळा, बांधा सडपातळ

पोलिसातनं रिटायर झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, माझी गाडी उचललीय, कुणाला फोन करता येईल का? आणि दुसरी, एखादा भारी किस्सा सांगा ना! गाडीचं आता माझ्या हातात काही नाही. किस्से मात्र थांबत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. बायको म्हणते, नोकरीत होता तेव्हा घरी तोंड उघडत नव्हता, आता मिटत नाही. खरंय तिचं. तेव्हा ते सांगण्यासारखं वाटतच नव्हतं, रोजचंच होतं.

मी मूळचा वडिवळ्याचा. घाटमाथ्यावरच्या एका ठाण्यात शेवटची सहा वर्षं रायटर होतो, म्हणजे फिर्यादी, जबाब, पंचनामे लिहिणारा हवालदार. ठाण्याचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे. आज सांगतोय ते शेवटच्या वर्षातलं, आणि त्यात सोमा हिलम नावाचा एक कातकरी सारखा येईल. त्याला त्या वर्षी आमच्याकडून एकच कागद हवा होता. 'वर्तन चांगले आहे' असा पोलिसांचा दाखला. मिळाला तर धरणाकाठच्या तंबूंच्या कॅम्पवर जीवरक्षकाची नोकरी. नाही मिळाला तर दरवर्षीसारखं दिवाळीनंतर बायको-पोरीला घेऊन वीटभट्टीवर, आणि पोरीची शाळा अर्ध्यावर बंद.

*

खंडाळ्यात एक बंगला फुटला. मालकीणबाई शनिवारी मुंबईहून आल्या तर मागचं दार उघडं आणि टीव्ही गायब. मी फिर्याद टाईप केली, प्रिंट काढून वाचायला दिली. बाई वाचता वाचता अडखळल्या.

"हे 'अनोळखी इसम, रंग सावळा, बांधा सडपातळ, केस कुरळे' कोणी सांगितलं? मी महिनाभर इथे नव्हते. मी कोणालाही पाहिलेलं नाही."

आता काय सांगणार? कोणीच सांगितलं नव्हतं. ते कॉम्प्युटरमध्ये होतंच! माझ्या आधीच्या रायटरने टाईप करून ठेवलेलं, त्याला त्याच्या आधीच्याने दिलेलं. मी फक्त नाव, गाव, तारीख बदलायचो.

बाईंचा आवाज चढला तसे साहेब केबिनबाहेर आले. साहेब म्हणजे आमचे इन्स्पेक्टर. माणूस तसा वाईट नव्हता, चहा सगळ्यांना सांगायचा. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाहिलं नसेल. आम्हाला माहीत असतं ना."

बाईंनी सही केली.

*

तेच वर्णन त्याच आठवड्यात नाकाबंदीला गेलं. नाक्यावर नवा कॉन्स्टेबल. नुकताच भरती झालेला, फार आज्ञाधारक.

त्याने एक मोठी पांढरी गाडी अडवली. आत एकटाच माणूस. टी-शर्ट, हाफ पँट, रंगाने काळासावळा, अंगाने काटकुळा, केस कुरळे. गाडी कोणाची विचारलं तर म्हणाला माझीच. कॉन्स्टेबलला हसू आलं. त्याने चावी काढून घेतली आणि माणसाला रस्त्याच्या कडेला पाऊण तास उभं केलं. तो ओळखपत्र दाखवतोय, हा म्हणतोय खिशात हात घालू नको.

तो माणूस आमच्या साहेबांच्या तीन पायऱ्या वरचा अधिकारी निघाला. नुकताच बदलून आलेला, सुट्टीवर, एकटाच हवा खायला निघालेला. साहेब धापा टाकत नाक्यावर पोचले, सॅल्यूट ठोकला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संध्याकाळी कॉन्स्टेबलला केबिनमध्ये बोलावून विचारलं, डोळे फुटले होते का रे? तो बिचारा म्हणाला, "नाही सर. वर्णन वाचून बघितलं. तंतोतंत जुळत होतं."

साहेब माझ्याकडे वळले. "रायटर, ते वर्णन बदला."

मी विचारलं काय लिहू. साहेबांनी बराच विचार केला.

"आहे ते राहू द्या. पुढे लिहा, 'अधिकारी वाटत नाही'."

*

लोहगडवाडीच्या खालच्या अंगाला सोमाची वाडी, दहा-बारा खोपटांची. कुठेही बंगला फुटला की आमची जीप पहिली तिकडे. हुकूम द्यावा लागत नसे. ड्रायव्हर शेलारच्या हातातलं स्टिअरिंगच तिकडे वळायचं. चार माणसं आणायची, व्हरांड्यातल्या बाकावर दोन दिवस बसवायची, रजिस्टरात 'चौकशीकामी आणले' लिहायचं आणि सोडायचं. कोणी वरिष्ठ आले तर तपास चालू आहे असं दिसायला बाक भरलेलं लागतं. त्या वाडीतल्या एकावरही कधी गुन्हा शाबीत झाला नाही. गुन्हा दाखलसुद्धा झाला नाही. नोंदी मात्र झाल्या. सोमाच्या अकरा. अकराच्या अकरा माझ्या अक्षरात.

आणि गंमत बघा! दरीत कोणी पर्यटक कोसळला, धरणात कोणी बुडालं, की तीच जीप त्याच सोमाला आणायला जायची. दोर न लावता कडा उतरणारा, पाण्याच्या तळाशी जाऊन माणूस वर काढणारा तसा दुसरा पंचक्रोशीत नव्हता. म्हणून जीप दारात थांबली की सोमा आधी विचारून घ्यायचा, "शेलारभाऊ, आज म्होरं बसू का मागं?"

पुढे म्हणजे मदतीला. मागे म्हणजे संशयित.

एकदा तर तो आपणहूनच एसटीने आला. फडक्यात भाकरी, बगलेत अर्धवट विणलेलं मासे धरायचं जाळं, म्हणजे दोन दिवसांची पुरी तयारी. म्हणाला, बंगला फुटलाय म्हनं, तुमच्या जीपला कशापायी तरास.

आमच्याकडे तोवर फिर्यादच आली नव्हती! त्याला दूधवाल्याने सांगितलं होतं. साहेब हे ऐकून खुर्चीतून उठले. पोलिसांच्या आधी याला कळलंच कसं?

त्या खेपेला सोमा दोनाऐवजी चार दिवस बसला. जाळं पुरं झालं.

*

सोमा एकटाच होता असं नाही. पुण्यात शिकणारा टांझानियाचा एक विद्यार्थी मित्रांबरोबर लोणावळा बघायला आला. बरोबर चार मित्र, सगळे आपल्याकडचे. बॅग तपासली फक्त याची.

साहेब म्हणाले, लिहा, 'नायजेरियन इसम'. पोरगा अदबीने म्हणाला, टांझानिया. साहेब म्हणाले, "तेच ते."

बॅगेत निघाल्या तपकिरी, चौकोनी, चिकट वड्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. हे काय आहे? तर पोरगा स्वच्छ मराठीत म्हणाला, चिक्की.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "शब्दसुद्धा पाठ करून आलाय. टोळी मोठी दिसते."

अहो, लोणावळा! जिथे दर तिसरं दुकान चिक्कीचं, तिथे बसून मी पंचनामा केला. 'तपकिरी रंगाचा चिकट पदार्थ, गुळासारखा वास.' चार वेळा वाटलं सांगावं, पण साहेबांपुढे शहाणपण कोण करणार? सायंकाळी लॅबला पाठवायला पुडा काढला तर निम्मा रिकामा.

शेलार ओठ पुसत म्हणाला, "साहेब, शेंगदाण्याचीच हाय. मी खात्री केली."

*

त्या टांझानियाच्या पोराच्या एका मित्राने हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. रात्रीत ते सगळीकडे गेलं. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले, मग आमच्या ठाण्यावरही मोर्चा आला. चांगला मोठा. 'कातडीचा रंग हा गुन्हा नाही' असे फलक. लोकांचा राग खरा होता. गणवेशात गेटवर उभा होतो, पण मनातून मला बरं वाटत होतं, हे आज कबूल करतो.

पुढारी कडक बोलले. वसाहतवादी मानसिकता वगैरे. माझे कान तापले. मग निवेदन द्यायला पाच जण आत आले. व्हरांड्यात बाकावर सोमा आणि वाडीतले तिघं बसलेले. पुढाऱ्यांचं तिकडे लक्ष गेलं, तसे ते थांबले आणि मला हळूच म्हणाले,

"बरं झालं यांना आणलंत. आमच्या सोसायटीतून परवा सायकल गेलीय. तेवढं विचारून घ्या."

*

मोर्चा फुकट गेला नाही बरं का. वरून हुकूम आला. फॉर्ममधला 'रंग' हा रकानाच काढून टाकला. पुण्याहून एक बाई येऊन दोन तास समजावून गेल्या. छान बोलल्या, मला पटलं. आणि एक फलक आला. 'या ठाण्यात वर्ण, जात, धर्म किंवा भाषा यांवरून कोणालाही वेगळी वागणूक दिली जात नाही.'

मोकळी भिंत फक्त बाकाच्या वर होती. तिथेच खिळे ठोकले. चुन्याचे पापुद्रे खाली बसलेल्या चौघांच्या डोक्यावर पडत होते.

सोमाला वाचता येत नाही. त्याने मला विचारलं, काय लिवलंय? मी वाचून दाखवलं. अवघड वाटलं म्हणून सोप्या भाषेत सांगितलं. त्याने ते तिघांना समजावून दिलं. मग चौघंही उठले, डोकी झटकली, आणि सोमा म्हणाला,

"मंग आमी जाऊ का?"

*

कॅम्पवाल्याची अट साधी होती. दाखला आण, आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी आठला हजर हो. आठ म्हणजे आठ, त्या दिवशी पहिले पाहुणे येणार, दुसरा माणूस तयार आहे.

मी सोमाचा अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, याच्या अकरा नोंदी आहेत. मी धीर करून म्हणालो, "साहेब, त्या आपणच केल्यात."

"म्हणून तर! आपल्या नोंदी खोट्या कशा असतील?"

अर्ज टेबलावर पडून राहिला. आणि मग गुरुवारी एक पर्यटक फोटो काढताना लोहगडाच्या मागच्या अंगाला घसरला, कड्यात एका झुडपाला अडकला. सोमाला आणा, सोमाला आणा! जीप वाडीत शिरली आणि वाडी जी पळाली ती थेट रानात. एक माणूस दिसेना. तिकडे तो झुडपाला लोंबकळतोय, इकडे शेलार जीपवरच्या भोंग्यातून रानाला सांगतोय,

"चोरी झालेली न्हाई. पुन्हा सांगतो, चोरी झालेली न्हाई. मानूस पडलाय, भाईर या."

अर्ध्या तासाने कारवीतून सोमाचं डोकं वर आलं. "नक्की ना?"

त्याने तो माणूस पाठीवर बांधून वर आणला. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो आला. साहेब खुशीत होते. मी अर्ज पुढे सरकवला आणि त्यांनी सही केली.

*

शनिवारी सोमा माझ्याकडे आला तो दाखला कॅम्पवाल्याला दाखवून, लॅमिनेशन करूनच. पोरीकडून चार वेळा वाचून घेतला म्हणाला. यंदा ती सातवीची परीक्षा देणार होती. मला खेकडे आणले होते. नोकरीत माझ्या हातून एक बरं काम झालं असं वाटून मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

रविवारी माझी सुट्टी होती. दुपारी खंडाळ्यात पुन्हा बंगला फुटला.

सोमवारी सकाळी सातला ठाण्यात आलो तर बाकावर चौघे. तिसरा सोमा. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दाखला. संध्याकाळपासून बसलेला. मी शेलारवर ओरडलो, अरे, याच्याकडे साहेबांच्या सहीचा कागद आहे! शेलार म्हणाला, दावला त्यानं, मी म्हटलं असू दे, संगं घे.

सोमा एवढंच म्हणाला, "रायटरभाऊ, आठला पोचायचंय. सोडता का?"

साहेबांच्या परवानगीशिवाय बाकावरचा माणूस सोडायचा नाही, असा रिवाज. साहेब शनिवारीच पुण्याला, सुधारणांच्या दोन दिवसांच्या मीटिंगला गेलेले, सकाळी परत यायचे, फोन बंद. मी सात वेळा लावला. मी त्याला सोडायला हवं होतं. कुणी फाशी दिली नसती मला. सोडलं नाही, आणि त्याची लाज अजून वाटते. आठ वाजले, साडेआठ वाजले. सोमाने घड्याळाकडे बघणं बंद केलं.

साहेब साडेनऊला आले. बाकावर कोण आहे हे ते कधी बघत नसत, बाक भरलंय एवढंच बघत. मी रजिस्टर घेऊन मागोमाग केबिनमध्ये शिरलो. तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कॅम्पवाला होता. इतका चिडलेला, की मला उभ्या जागी ऐकू येत होतं. तुमची सही बघून माणूस ठेवला, पहिल्याच दिवशी पत्ता नाही, मी आत्ता दुसरा घेतला.

साहेबांनी त्याची माफी मागितली. मनापासून मागितली. फोन ठेवला. केबिनचं दार उघडंच होतं आणि बाक तिथून सहा पावलांवर.

"बघितलंत, रायटर?" साहेब मान हलवत म्हणाले. "आपण यांच्यासाठी एवढं करायचं, आणि हे साधं कामावर हजर होत नाहीत."