टिटवीचं घरटं शून्यावर

ताहेरा आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, मी गणित. आमच्या कॉलेजात सत्काराला कारण लागत नाही, शाल लागते. तरी ताहेराच्या सत्काराला कारण होतं, आणि तेच पुढे तिच्या गळ्याशी आलं.

ती लासूर स्टेशनची. वडील करीमचाचांचं तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत दुकान. शाळेतून आली की ती पोत्यांवर बसून अभ्यास करायची आणि करीमचाचा शेतकऱ्यांना समजावताना ऐकायची, "भाव बी चढा पायजे न् माल बी आजच उठला पायजे, दोन्ही कसं व्हईल, राजा?" पुढे शिकायला शहरात आल्यावर तिला कळलं, की अब्बांच्या या रोजच्या कटकटीचा जगभर एक विषय आहे. त्याचं इंग्रजी नाव ऐकूनच माणूस दमतो: इव्होल्यूशनरी मल्टी-ऑब्जेक्टिव्ह ऑप्टिमायझेशन.

नाव सोडा, गोष्ट साधी आहे. एका दगडात दोन पक्षी मारता येत नाहीत तेव्हा एकच एक उत्तर नसतं, उत्तरांची रांग असते. या टोकाला भाव जास्त पण थांबावं लागतं, त्या टोकाला भाव पडेल पण पैसा आज. ती रांग शोधून माणसापुढे ठेवायची, निवड त्याने करायची. आणि शोधायची रीत शेळ्यांचा कळप वाढवावा तशी. कशीही चार उत्तरं घ्या, त्यातली बरी ठेवा, त्यांची पिल्लं काढा, पुन्हा निवडा.

या विषयात भक्कम कामं झाली आहेत, होतही आहेत. पण अलीकडे तिथे जत्राही भरली आहे. कुणी लांडग्यावरून पद्धत काढतो, कुणी देवमाशावरून, कुणी मुंगीवरून. नवी विटी, नवं राज्य! आत डोकावलं तर बरेचदा गणित जुनंच, कळपाचं नाव तेवढं नवं. ताहेराने टिटवी घेतली. उघड्या रानात अंडी घालणारी, घिरट्या मारून घरट्याकडे परतणारी. तिची पद्धत ठरलेल्या परीक्षांत, म्हणजे उत्तरं आधीच माहीत असलेल्या नमुना प्रश्नांवर, सगळ्यांना मागे टाकून गेली. पेपर परदेशात छापून आला, कॉलेजच्या गेटवर बॅनर लागला आणि ती 'टिटवी मॅडम' झाली. मग कुठून कुठून 'सुधारित टिटवी', 'संकरित टिटवी' निघाल्या. करीमचाचांनी वर्तमानपत्रातली बातमी फ्रेम करून दुकानात वजनकाट्याच्या वर टांगली आणि सगळ्या मोंढ्याला चहा पाजला.

यंदा कॉलेजने चर्चासत्र ठेवलं. विषयाची आजची स्थिती आणि उद्याची दिशा यावर ताहेराने बोलायचं होतं. करीमचाचा पहिल्यांदाच लेकीचं भाषण ऐकायला येणार होते. तिला वाटलं, अब्बांना कळेल असं एक चित्र दाखवावं. परीक्षेच्या प्रश्नांची उत्तरं जरा बाजूला सरकवायची, आणि टिटव्या तिथेही कशा बरोबर पोचतात ते दाखवायचं.

तिने उत्तरं सरकवली. टिटव्या जुन्याच जागी जाऊन बसल्या, जिथे आता काहीच नव्हतं. तिने पुन्हा चालवून पाहिलं, आणखी कितीदा तरी पाहिलं. मग ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसली. लाजेने तिचे कान लाल झाले होते, आणि ती ओढणी कानांवर ओढत होती.

"मंजुषाताई, माझ्या टिटव्यांना काही शोधताच येत नाही. त्या फिरून जिथे परततात ते घरटं मी शून्यावर ठेवलं होतं. सोय म्हणून. आणि त्या प्रश्नांची उत्तरंही शून्यापाशीच असतात. मी कधी हलवून बघितलंच नाही."

"म्हणजे आधी उत्तर सांगून मग परीक्षा घेतलीस?" माझी जीभ अशीच आहे, आधी चालते.

"चोरी केली असती तरी बरं होतं," ती म्हणाली. "निदान मला माहीत तरी असतं. मी तर खुशाल शाली पांघरत होते."

मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. जत्रेत एक टिटवी जास्त, कुणाचं काय बिघडतंय? त्यावर ती म्हणाली, "दूरदेशीची एक मुलगी माझ्या टिटवीवर पीएचडी करतेय. मला मॅडम मॅडम म्हणून मेल करते. तिचं बिघडतंय ना."

चर्चासत्रात करीमचाचा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कुर्ता घालून, मांडीवर मिठाईचा पुडा धरून बसले होते. ताहेराने सगळं सांगितलं. पण सांगितलं इंग्रजीत, पडद्यावरच्या आलेखाकडे बघत. 'पद्धतीत एका विशिष्ट स्थानाकडे कल आढळून येतो', असल्या भाषेत. पुढच्या दिशेबद्दल मात्र ती सरळ बोलली. प्राण्यांची नावं पुरे झाली, परीक्षा बदला, ज्याला निवड करायची आहे त्या माणसाला आधी विचारा. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. प्राचार्य म्हणाले, "टिटवी मॅडमनी आज आणखी एक शोध लावला!" आणि त्यांनी तिला शाल पांघरली. आणलेली होती, वाया कशी जाणार? शालीखाली ती अंग चोरून उभी होती. मला ते बघवेना. टाळ्या न वाजवणारे तिथे दोघंच, मी आणि करीमचाचा.

बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "बेटा, तू काय बोलली ते मला नाय कळलं. पन् तू मान वर नाय केली. काय झालं?"

तिने मोंढ्याच्या भाषेत सांगितलं. "अब्बा, काटा माझाच, वजनं माझीच, आणि मीच म्हणत होते की माझा माल सगळ्यात भारी."

करीमचाचांनी मिठाईचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. "मंग ते दुकानातलं?"

"उतरवून टाका."

"मी नाय उतरवनार. टांगताना मी सगळ्यायला बोलावून टांगलं व्हतं. तू ये. बाजाराच्या दिवशी ये."

मला राग आला त्यांचा. लेकीला इतकं उघडं पाडायची काय गरज होती? पण ती जाते म्हणाली, म्हणून मीही सोबत गेले.

बाजाराच्या दिवशी दुकानात ही गर्दी. ताहेरा स्टुलावर चढली आणि फ्रेम उतरवायला लागली. आप्पासाहेब म्हणून एक जुने शेतकरी तिथे होते, ते कौतुकाने म्हणाले, "काय मॅडम, आता याच्याहून मोठं लावायचं का?"

तिने माझ्याकडे बघितलं. इथे पडदा नव्हता, आलेख नव्हता, आणि 'कल आढळून येतो' म्हणायची सोय नव्हती.

"नाही काका," ती म्हणाली. "यात छापलंय ते खरं नाही. माझं चुकलं."

हमालांनी पोती जागेवरच ठेवली. आप्पासाहेब खाली बघायला लागले, चूक त्यांचीच असल्यासारखे. ताहेरा खिळा उपटायला गेली तेव्हा करीमचाचा गादीवरून ओरडले, "खिळा ऱ्हाऊ दे!" मग त्यांनी चहावाल्याला हाक मारली आणि टांगतानासारखाच सगळ्यांना चहा सांगितला. ताहेरा फ्रेम मांडीवर पालथी धरून पोत्यावर बसली, आणि सगळ्यांच्या मधोमध, मान खाली घालून तिने तो चहा संपवला.