मावशीचं मशीन

आमच्या मावशीच्या कॉम्प्युटर क्लासात बोटांआधी पाय चालायचे. दर्यापुरात तेव्हा वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त. त्या वर्षांत कापसाला ना पीक होतं ना भाव, म्हणून कापूस भरायच्या रिकाम्या खोलीत मावशीनं दोन कॉम्प्युटर मांडले होते. पोरगं शेतीतून सुटावं म्हणून आईनं मला तिथं ढकललं.

वीज गेली की मावशी सगळ्यांना अंगणात काढायची. एकानं प्रोग्राम व्हायचं, म्हणजे सूचना द्यायच्या. दुसऱ्यानं मशीन होऊन सांगितलं तेवढंच करायचं. मशीन नेहमी मी. "तूच बरा," ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "तुह्यात अक्कल मिसळायचा धोका नाही." मला ती शाबासकी वाटली होती.

एकदा रफिकनं, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात हुशार पोरानं, मला सूचना दिली: एक पाऊल टाक, आणि तेच पुन्हा पुन्हा कर. तेवढ्यात वीज आली, सगळे आत धावले. मी चालतोच आहे. फाटकातून निघून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलो. ओळखीचे लोक कुठं निघाला म्हणून विचारत होते. उत्तर द्यायची सूचना मला नव्हती. शेवटी मावशी लुनावर आली. बोलणी खायची तयारी करून मी मागं बसलो, पण क्लासात येऊन ती कडाडली हसणाऱ्या रफिकवर.

"त्याले काहून हासून राहिला? थांबायचं कवा, हे तू सांगतलंच नाही."

माझी सगळी नोकरी त्या एका फेरीवर उभी आहे. अकोल्यात प्रोग्राम लिहितो. अडकलो की उठतो आणि टेबलांमधून तो चालून पाहतो. ऑफिसातली पोरं समजतात, सर शुगरसाठी चालतात. तशी शुगरही आहेच.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी मावशीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, आता चालवलं नाही तर कायमच्या बसतील. पण पडायच्या भीतीनं ती खाट सोडेना. मी गेलो, तिला धरून अंगणात उभं केलं आणि म्हटलं, आज मशीन तू.

"थांबायचं कवा?" तिनं आधी विचारलं.

"नळापाशी."

डावा पाय टाक. उजवा ओढ. पुन्हा. तिचे पाय कापत होते. नळ आला. मी थांब म्हणालो. तिनं डावा पाय पुढं टाकला, उजवा ओढला. फाटकाकडे.

"मावशी, नळ मागं राहिला."

"राहू दे," ती म्हणाली. "ह्या मशीनमंदी अक्कल मिसळली."