डाव्या बाजूचे आकडे

धिमेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ताशी ऐंशीच्या वेगातही डॅशबोर्डवरचा चहा सांडू देत नाहीत, म्हणून सिनेमाच्या युनिटनं ते ठेवलेलं. बावीस वर्षं ते कॅमेऱ्याची गाडी चालवत होते. छपरावर लांबलचक यांत्रिक हात, त्याच्या टोकाला कॅमेरा. तो हात फिरवणारा क्रेनवाला काकांच्या डावीकडे बसायचा, मागे कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यासमोर कॅमेरामन आणि दिग्दर्शक. काका पडद्याकडे चुकूनही बघत नसत. चित्र बघणारा ड्रायव्हर आणि झोपलेला ड्रायव्हर यांत काडीचाही फरक नाही, असं ते म्हणायचे. ते फक्त क्रेनवाल्याचं ऐकायचे. तो शेजारच्या वाहनापर्यंतचं अंतर फुटांत सांगायचा, "सहा... पाच... धर," आणि स्टिअरिंग तेवढंच वळायचं.

दोन वर्षांपासून काकांच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं होतं. बायकोलासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं. गाडी सुटली तर आपण करायचं काय, हा एकच घोर जिवाला लागलेला. क्रेनवाल्याच्या ते लक्षात आलं, पण तोही बोलला नाही. पूर्वी गरजेपुरतं बोलणारा तो गडी डावीकडचा फूट न फूट मोजू लागला, एवढंच. अशी मैत्री नशिबानं मिळते, असं काकांना वाटायचं आणि थोडी लाजही वाटायची.

त्या दिवशी एकाच दृश्याची सकाळपासूनची ती आठवी खेप. ऊन डोक्यावर, पाठीचा काटा ढिला झालेला, दिग्दर्शकाचं समाधान काही होत नव्हतं. डावीकडे मोटरसायकलवर नायिकेच्या जागी नेहमीची स्टंटवाली मुलगी. मध्येच दिग्दर्शकानं मागून काहीतरी विचारलं, क्रेनवाल्यानं मान वळवून उत्तर दिलं आणि दोन आकडे राहून गेले. गाडी डावीकडे सरकली.

"थांब!" कॅमेरामन ओरडला.

काकांनी ब्रेक मारला. तोवर मोटरसायकल रस्त्यावरून खाली उतरून आडवी झाली होती. मुलगी उठून बसली. कोपर सोलवटलं होतं, बाकी धडधाकट होती.

"आकडा कुणी चुकवला?" युनिटच्या व्यवस्थापकानं धावत येऊन विचारलं.

"मी," क्रेनवाला म्हणाला. "लक्ष नव्हतं माझं."

"महिन्यातली ही तिसरी वेळ. उद्यापासून येऊ नकोस."

काका इतके थकले होते की आता खोटं धरून ठेवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"साहेब, त्याची चूक नाही. डावीकडचं मला दिसतच नाही. दोन वर्षं झाली. हा मोजतो, म्हणून मी चालवतो."

"गप्प बसायचं ना, काका," क्रेनवाला पुटपुटला.

काकांना छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. आपण मित्राला वाचवलं, त्यानं आपल्याला सांभाळलं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रस्त्याच्या कडेला मुलीच्या कोपराला पट्टी बांधणं चाललं होतं. तिचा आवाज चढला नाही.

"काका, दोन वर्षं तुमच्या डावीकडे मीच असते," ती म्हणाली. मग क्रेनवाल्याकडे वळली. "तुम्हा दोघांनाही माहीत होतं. मला का नाही सांगितलं?"

काकांनी गाडीची किल्ली व्यवस्थापकाच्या हातात ठेवली.