कोफी पगार पाहुणा नव्हता

काकूचा फोन आला तेव्हा मी सातपूरला कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. "नाना, कोफी गेला," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं? गोव्याला?" माझा यात फार दोष नाही. कोफी आयुष्यभर जातच असायचा. गोव्याला गेला, कोलकात्याला गेला, आफ्रिकेला गेला, आणि दर वेळी घाणेरड्या मोज्यांनी भरलेली एक बॅग घेऊन परत आला. मी पुढं आणखी विचारलं की या वेळी बॅग कोणी भरून दिली. मग ती म्हणाली, "मैदानावर पोरींना पळवून आला. दमलो म्हनला, खाटंवर पडला. उठलाच नाय." पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'गेला' एवढं साधं मराठी कळू नये? पण खरं सांगतो, ते अजूनही पुरतं कळलेलं नाही.

त्याला आता दीड महिना होत आला. मी लिहिणाऱ्यांतला नाही, सांगणाऱ्यांतला आहे; आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची जागा लोक मुद्दाम टाळतात. पण गेल्या आठवड्यात एका सभेत एका गृहस्थांनी माझ्या चुलतभावाविषयी जे सांगितलं ते कानावर आलं, आणि मी लिहायला बसलो. स्मृतिलेख हळव्या मनानं लिहितात म्हणे. मी रागानं लिहितोय. त्या गृहस्थांचं नाव नको, अशी संपादकांची विनंती आहे, म्हणून त्यांना आपण 'अध्यक्ष' म्हणू. ते कायम कशाचे ना कशाचे अध्यक्ष असतातच, त्यामुळं फारशी चूक होणार नाही. आणि ही पुरवणी त्यांच्या घरी येते, हे मी पेपरवाल्याला विचारून ठेवलंय.

आमचं मूळ गाव वणीच्या अलीकडं. माझे काका, दिनकर पगार, सातपूरला फिटर होते. कंपनीनं त्यांना घाना देशात तेलाच्या गिरणीची यंत्रं बसवायला पाठवलं. सहा महिन्यांसाठी गेलेले काका काही वर्षांनी उगवले, ते बायको आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन. काकूचं नाव अकोसुआ. गावानं त्याचं अक्का करून टाकलं. आजोबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी तिच्या हातात कात्री देऊन म्हणाले, "द्राक्षाची छाटणी जमंल का?" जमली. ती मराठी शिकली ती बागेतल्या बायांकडून, त्यामुळं तिच्या बोलण्यात पुण्याचा एक शब्द नाही आणि शिव्या मात्र सगळ्या आहेत. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला त्यांच्याकडं कोफी म्हणतात. शाळेत गुरुजींनी हजेरीला 'कोफी पगार' असं वाचलं की अख्खा वर्ग हसायचा, आणि त्या वर्गात हा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

फुटबॉल मीच त्याला शिकवला, असं मी अनेक वर्षं सांगत आलोय. खरं म्हणजे गल्लीत मी गोलकीपर होतो, कारण पळायचा कंटाळा. कोफी माझ्या पुढं उभा राहायचा आणि माझ्यापर्यंत चेंडू येऊच द्यायचा नाही, त्यामुळं माझी कीर्ती झाली. तो डिफेंडर होता, आतून-बाहेरून डिफेंडर. समोरून कोणी चेंडू घेऊन आला की बाकीची पोरं अंगावर धावून जायची. कोफी मागं मागं सरकत राहायचा, त्या पोराला हळूहळू रेषेकडं नेत. पुढं मैदानावर पोरींच्या संघाला शिकवतानाही तो हेच सांगायचा, "पाय आधी टाकायचा नाही. घाई त्याला आहे. त्याला करू दे." घाई झालेला पोरगा शेवटी आपल्याच पायात अडकायचा, आणि कोफी जमिनीवर पडलेलं पाकीट उचलावं तसा चेंडू उचलून चालू पडायचा.

एकोणीस-वीस वर्षांचा असताना राज्याच्या संघासाठी निवड होती. ज्यांनी त्याचा खेळ बघितला होता ते सगळे म्हणत होते, याचं नाव नक्की, आणि इथून पुढचा रस्ता देशाच्या शिबिराकडं जातो. काकांनी सोबत मलाही नेलं. निवड समितीच्या खोलीत तेव्हाचे हे अध्यक्ष, जरा कमी पोटाचे. कोफीला समोर उभं केलं. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याचा भारतीय पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो उघडलासुद्धा नाही. कोफीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "दिसायला पाहुणा, नावानं पाहुणा. पाहुण्याला जेवू घालावं माणसानं, संघात घेऊ नये." खोली हसली. कपबशा घेऊन आलेला माणूसही हसला. काकांनी पासपोर्ट उचलला, पिशवीत ठेवला, पिशवीची घडी घालू लागले… ती घडी त्यांना काही केल्या नीट घालता येईना. कोफीच्या जागेवर अध्यक्षांच्या भाच्याची वर्णी लागली. त्याला चेंडू आणि भोपळा यांतला फरक ओळखायला हात लावून बघावं लागायचं.

नंतर कोफी व्यावसायिक खेळाडू झाला. गोव्याच्या क्लबात, कोलकात्याच्या क्लबात, गुडघे फुटेपर्यंत खेळला. मधे आईच्या देशातही दोन हंगाम काढून आला. देशाचा शर्ट मात्र त्याच्या अंगावर कधी आला नाही. ते दार त्या खोलीत बंद झालं ते झालंच. मी विषय काढला की तो हसायचा. "नाना, तिकडं मला इंडियन म्हणतात, इकडं आफ्रिकन. विमानात बसलो की तेवढा वेळ निवांत. तिथं फक्त विचारतात, व्हेज का नॉनव्हेज." मी म्हणायचो, त्या माणसाला एकदा गाठू. तो म्हणायचा, "जाऊ दे ना." क्षमा हा थोरांचा गुण आहे आणि तो कोफीकडं भरपूर होता. माझ्याकडं आणि काकूकडं तो अजिबात नाही. म्हणूनच आमचं दोघांचं जमतं.

दहावा गंगेवर झाला. बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि आमच्याकडं दहाव्याला माईक असतो. माणूस जिवंतपणी कोणालाही कितीही नकोसा असो, दहाव्याला त्याच्यावर भाषणं होतात. काका आधीच वारलेले, म्हणून विधीला मी बसलो होतो. न्हावी वस्तरा घेऊन आला, माझ्या डोक्याकडं बघून थांबला आणि म्हणाला, "इथं आधीच कोणी करून गेलं वाटतं." इतक्यात पांढरी गाडी आली. त्यातून अध्यक्ष उतरले, सरळ माईकपाशी गेले आणि सुरू झाले. नाशिकच्या मातीतला हिरा. आपला भूमिपुत्र. आपल्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. त्याच्या नावानं आपण चषक सुरू करू… भूमिपुत्र हा शब्द त्यांनी चार-पाचदा घेतला. काकू माझ्या शेजारी बसून त्यांच्या बुटांकडं बघत होती.

भाषणं संपली, पिंड मांडला. कावळे भिंतीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली येईना. आता हे सगळ्यांनाच माहीत असतं, की कावळा शिवल्याशिवाय कोणी हलायचं नाही, आणि शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. त्याला शब्द द्यायचा. लोक एकेक करून हात जोडू लागले. मैदानावरचा एक मित्र म्हणाला, "पोरींचा सराव बंद पडू देणार नाही." कावळा हलेना. मी म्हणालो, "काकूला मी सांभाळीन." काकू हळूच म्हणाली, "तुला तुझा चष्मा सांभाळता येत नाय." कावळा तरीही हलेना. मग ती पिंडापाशी वाकली आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. दोनच वाक्यं असतील. उठली, मागं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी अध्यक्षांना म्हणाली, "सायब, आता तुमी म्हना."

सगळ्या माना अध्यक्षांकडं वळल्या. आणि त्याच क्षणी, सगळ्यांच्या पाठीमागं, एक कावळा भिंतीवरून उतरला, पिंडाला चोच मारून भाताचा गोळा घेऊन गेला. मी बघितलं. 'शिवला' म्हणायला तोंड उघडलं, तर काकूची टाच माझ्या पायाच्या बोटांवर आली. असा टॅकल कोफीनंही कधी केला नसेल. मग पदर सावरायच्या निमित्तानं ती सरकली आणि पिंडाच्या बरोब्बर पुढं उभी राहिली. आता तिच्यामागचं कोणालाच काही दिसत नव्हतं.

"काय म्हणू, वहिनी?" अध्यक्ष म्हणाले.

"त्या दिशी काय म्हनला व्हता त्याला, ते."

"आता जुनं कशाला काढता…"

"त्याचा जीव तुमच्यापाशी अडकला आसंल. मी कशाला काढू."

ऊन डोक्यावर आलं होतं. गावाकडचे एक म्हातारबा म्हणाले, "म्हना की सायब, काय आसंल ते. माणसं खोळंबली." मागून एका बाईचा आवाज आला, "लेकरं उपाशी हायेत." अध्यक्षांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. पुढं गंगा, मागं माणसं. ते खालच्या आवाजात काहीतरी बोलले. काकू म्हणाली, "माईकवर. तवाबी सगळ्यांम्होरंच म्हनला व्हता."

अध्यक्ष माईकपाशी गेले. "मी कोफीला एकदा पाहुणा म्हणालो होतो. गमतीनं." काकूनं मान वर करून भिंतीवरच्या कावळ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "येत नाय. गमतीनं काढून टाका." त्यांनी ते काढून पुन्हा म्हटलं. काकूनं पुन्हा वर बघितलं. "येत नाय." तिसऱ्या वेळी अध्यक्षांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "कोफी पाहुणा नव्हता. तो आमचा होता."

"तुमचा नाय. आमचा."

"पगारांचा होता," अध्यक्ष म्हणाले. "नाशिकचा होता. मी चुकीचं बोललो. त्याची जागा त्याला मिळायला पाहिजे होती." माईकवरून ते पलीकडच्या काठावर भांडी घासणाऱ्या बायांपर्यंत गेलं असणार. तेव्हा कुठं काकू बाजूला झाली, पिंडाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "शिवला." गर्दीनं हात जोडले. अध्यक्षांनी रुमाल डोळ्यांना लावला. मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं मी रडतोय.

आम्ही हे असंच ठेवणार होतो. पण अध्यक्ष तेव्हापासून जिथं माईक मिळेल तिथं सांगत फिरतायत, की कोफीचा आत्मा माझ्यासाठी थांबला होता, माझ्या एका शब्दावर कावळा शिवला, एवढं आमचं प्रेम होतं. गेल्या आठवड्यातल्या सभेत तर म्हणे टाळ्या पडल्या. तेव्हा अध्यक्षमहोदय, आता नीट वाचा. तुमच्या तोंडून एक अक्षर निघायच्या आधीच कावळा शिवून गेला होता. कोफी तुमच्यासाठी थांबला नव्हता. त्याच्या लेखी तुम्ही कधीच संपला होता. थांबलो होतो आम्ही दोघं, आणि आम्ही तुम्हाला उन्हात उभं करून ते फुकट म्हणायला लावलं. तीनदा.

घरी आल्यावर मी काकूला विचारलं होतं, पिंडाशी वाकून काय म्हणालीस. ती चहा गाळत होती. म्हणाली, "म्हनलं, लांबून काय बघतो पाव्हन्यावानी. घरचाच हायेस ना… ये, जेव."

परवा संध्याकाळी मी काकूकडं बसलो होतो. कोफी मैदानावरून आला की घराच्या दारातच बसायचा, चौकटीच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला पाय टेकवून, सगळा उंबरा अडवून. काकू रोज ओरडायची, की उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी अडती. तो म्हणायचा, "लक्ष्मीला म्हणावं डावीकडून ये. उजवीकडून मी कोणाला सोडत नाही." गल्लीतल्या पोरांना तो असल्यावर त्याच्या पायांवरून उड्या मारून आत यावं लागायचं. आता ते दार संध्याकाळचं मोकळं असतं, आणि आत जाताना माझा पाय अजूनही उंच उचलला जातो…

तर पांढरी गाडी दाराशी थांबली. अध्यक्ष उतरले. मी सवयीनं खुर्ची पुढं ओढायला उठलो. रागावर माझं नियंत्रण नाही आणि शिष्टाचारावरही नाही. काकू माझ्या आधी उठली. दारात गेली आणि ज्या उंबऱ्यावर बसू नये म्हणून ती रोज ओरडायची त्याच उंबऱ्यावर टेकली. चौकटीच्या एका बाजूला पाठ लावली, पाय लांब केले.

"काय सायब, इकडं कुठं?"

"चषकाचं ठरलंय, वहिनी. कोफीचा एक चांगला फोटो हवा होता."

"हाय की. आत भिंतीवर हाय."

"आत येऊन बघतो मग."

"या की," काकू म्हणाली.

अध्यक्ष एक पाऊल पुढं आले आणि थांबले. बाईमाणसाचे पाय ओलांडून कोण जाणार? त्यांनी थोडा वेळ तिकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीचा पाय डुगडुगतोय का ते तपासत होतो. "बरं, नंतर कधी तरी येतो," असं म्हणून ते गाडीत बसले. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. मी काकूला म्हटलं, गेले, आता ऊठ. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पार अंधार पडला, समोरच्या घरात दिवा लागला, तरी तिनं पाय आखडते घेतले नाहीत.