साडूंच्या होडीतली मागची जागा

आमच्या साडूंइतका वाऱ्याला ओळखणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल, आणि वाऱ्यापायी नातेवाइकांना इतका गैरसोयीचा झालेला माणूसही दुसरा नसेल. लोकांचे साडू लग्नकार्यात भेटतात, सामाईक सासूबद्दल हळूच दोन शब्द बोलतात आणि जेवून आपापल्या घरी जातात. आमचे साडू वैशाख लागला की ऐन जेवणाच्या वेळी फोन करायचे आणि वऱ्हाड वेशीवर आल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणायचे, "गुरजी, वारा उना." मी महापालिकेच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायचो म्हणून मी त्यांचा गुरजी. वारा आला हे मला खिडकीचं दार आपटल्यावर कळायचं. त्यांना ते आदल्या दिवशीच कळलेलं असायचं.

माणूस खानदेशातल्या शिरपूरकडचा, तापीकाठच्या खेड्यातला. लहानपणी तापीत डुंबलेला, पण समुद्र पाहिला तो सुरतेला कामाला आल्यावर. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॉवरलूमचे माग दुरुस्त करायचं काम. जन्मभर त्या खडखडाटात राहिल्यामुळे माणसांचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागतं. माझ्या मेहुणीचं तर तीनदा सांगावं लागतं, पण त्याचं कारण खडखडाट नसावा असं तिचं म्हणणं आहे. अशा माणसाने एकदा मोबाइलवर कुठल्याशा बेटाचा व्हिडिओ पाहिला. तिथले लोक लांबलचक, चिंचोळ्या होड्यांत बसून भर समुद्रात वारा पाठीवर घेतात आणि लाटा ज्या बाजूला पळतात त्याच बाजूला वल्हं मारत सुटतात. शीड नाही, मोटार नाही. एका लाटेच्या उतारावरून घसरायचं, ती संपायच्या आत दुसरीचा उतार गाठायचा. साडूंनी तो व्हिडिओ मला दाखवला आणि विचारलं, हा गोरा काय सांगतोय? मी ऐकलं आणि जागच्या जागी फुललो, कारण तो व्यापारी वाऱ्यांबद्दल बोलत होता, आणि व्यापारी वारे मी कित्येक वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवले होते. मी साडूंना व्याख्या सांगितली. वर्षभर, एकाच दिशेने, नियमित वाहणारे. साडूंनी व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला आणि विचारलं, "मंग तठला लोक मांगे कसा येतस?" म्हणजे वारा जर कायम एकाच बाजूला वाहतो, तर ते लोक परत कसे येतात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता.

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे मीच झालो. साडूंनी सचिनमधल्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका फायबरवाल्याला पटवलं आणि सहा महिन्यांच्या रविवारांत वीस फूट लांब आणि मांडी घालून बसताही येणार नाही इतकी अरुंद होडी तयार केली. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये पोट. तिला पाहून कोणीही मागवाला सांगेल की हा धोटा आहे, मागावर आडवा पळणारा. फरक एवढाच की मागाचा धोटा फिरून परत येतो, आणि हा उभराटच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरला की वाऱ्याबरोबर थेट डुमसलाच निघायचा. परत वल्हवत येणं माणसाच्या हातचं नाही. तेव्हा डुमसच्या किनाऱ्यावर छोटा हाथी टेम्पो घेऊन उभं राहायला विश्वासाचं माणूस हवं, आणि साडूंच्या मते आमच्या सासरच्या गोतावळ्यात वेळेवर पोचणारा माणूस मी एकटाच होतो. मी तिथे टोमॅटोची भजी खात उभा राहायचो. क्षितिजावर आधी काहीच नसायचं, मग एक काडी, मग काडीवर एक टोपी, आणि मग साडू येऊन वाळूत उतरायचे ते नुकतंच कोणीतरी लग्न ठरवल्यासारखा चेहरा करून. एकदा भजीवाल्या बाईंनी होडी न्याहाळून विचारलं, "मोटर नथी?" साडू म्हणाले, "पवन छे ने." त्या बाईंनी मला एक प्लेट जास्त दिली. बहुधा माझी कीव आली असावी.

साडू राहतात त्या कोसाडच्या वसाहतीत ही वीस फुटी होडी ठेवायची कुठे, हा प्रश्न साडूंनी सोडवला नाही, तो इमारतीने सोडवला. तळमजल्याच्या भिंतीला ती दोरखंडाने टांगली गेली आणि उन्हाळ्यात तिच्यावर सगळ्या बायकांच्या कुरडया वाळू लागल्या. साडूंचं पंचांगाचं वेडही त्या बायकांच्या चांगलं पथ्यावर पडलं. भरती-ओहोटी तिथीवर चालते, म्हणून हे रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे. माणूस देवाधर्माला लागला असं समजून शेजारणी त्यांना चतुर्थीचा चंद्रोदय विचारायच्या, आणि हे भरतीची वेळ सांगायचे. दोन-तीन जणींनी त्यानुसार उपास सोडल्याचं माझ्या कानावर आहे. गच्चीवर त्यांनी वाऱ्याचा अंदाज घ्यायला साड्यांच्या किनारीच्या चिंध्या बांधल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांना ती करणी वाटली आणि त्यांनी तिथे लिंबू-मिरच्या टांगल्या. साडूंनी त्याही काढल्या नाहीत. जड वाऱ्यात मिरच्या हलतात, हलक्यात नाही, एवढी त्यांची नोंद झाली.

माझ्या स्कूटरवर मागे बसले तरी त्यांच्या डोक्यातून समुद्र जायचा नाही. हजीरा रोडवर शेजारून मोठा ट्रेलर गेला की त्याच्या मागे ओढला जाणारा वारा त्यांना पाठीत कळायचा आणि ते माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायचे, आता द्या, आता सोडा, आता द्या. मी भिऊन सरळ थांबूनच जायचो. मग ते उतरायचे, माझ्या समोर उभे राहायचे आणि विद्यार्थ्याला समजवावं तसं सांगायचे की शिकाऊ माणूस सारखाच वल्हं मारत सुटतो आणि म्हणून दमतो. लाट उचलते तेवढ्यापुरतं मारायचं आणि मग तिला काम करू द्यायचं. हे सांगताना मागून ट्रक हॉर्न वाजवत असत.

आता जे झालं ते सांगतो. एका ज्येष्ठात मी डुमसला उभा होतो आणि साडू येईनात. वारा पडला होता. भजी संपली, दुसरी प्लेट संपली, पाणी मागे हटायला लागलं, आणि तिथला समुद्र एकदा हटायला लागला की नजर पोचत नाही इतका चिखल उघडा पडतो. मी बायकोला फोन केला. बायकोने तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे साडूंच्या बायकोला केला. तिने बहुधा उरलेल्या खानदेशाला केला. साडू त्या वेळी मिंढोळा नदीच्या मुखाशी चिखलात रुतलेल्या होडीवर बसून शांतपणे भाकरी-ठेचा खात होते. पुढच्या भरतीला ते आपोआप सुटले आणि संध्याकाळी डुमसला लागले. पाहतात तर किनाऱ्यावर मी, माझी बायको, त्यांची बायको आणि कोसाडचे अर्धे शेजारी. मेहुणी त्यांना एक शब्द बोलली नाही. दोन महिने बोलली नाही. श्रावणात घरात खानदेशची कानबाई देवी बसली तेव्हा, सगळा गोतावळा रोटांच्या प्रसादासाठी जमलेला असताना, तिने त्यांचा हात धरून देवीच्या नारळावर ठेवला आणि म्हणाली, समुद्रात पाय घालणार नाही असं म्हणा.

साडूंचा चेहरा असा झाला की माझ्याच्याने पाहवेना. मी मध्ये पडलो. शिक्षकाची सवय, भांडण दिसलं की तोडगा काढायचा. मी म्हणालो, अगं, समुद्रात जाणारच नाही असं कशाला, एकटा जाणार नाही एवढं म्हणू दे. सगळ्यांना पटलं. मेहुणीने क्षणभर विचार केला आणि त्यात आपली भर घातली. "भाऊजी संगे व्हतीन तवयच जावानं." भाऊजी सोबत असतील तरच जायचं. भाऊजी म्हणजे मी. साडूंनी हात न काढता तेच म्हटलं आणि माझ्याकडे बघून हसले. खानदेशी माणूस बाकी कुठलाही शब्द फिरवेल, कानबाईसमोरचा नाही. मला त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं, हे आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही.

कारण दिवाळीच्या आत साडूंनी होडीचं पोट कापलं, ती दोन फुटांनी वाढवली आणि आपल्या जागेच्या मागे दुसरी बैठक बसवली. माझ्या मापाची. माप घ्यायला ते घरी आले होते, हातात मेहुणीचा शिलाईचा टेप. नंतर एका रविवारी वसाहतीच्या अंगणात दोन स्टुलांवर होडी ठेवून त्यांनी मला तीत बसवलंही. इमारतीतली माणसं गॅलऱ्यांत उभी. साडू पुढून सांगत होते, "नाक खाले गयं का मारा, वर उनं का थांबा. मांगे देखू नका." होडीचं टोक खाली गेलं की वल्हं मारायचं, वर आलं की थांबायचं, आणि मागे बघायचं नाही, लाट येते ती बुडाखाली कळते. मग ते उतरून होडीचं शेपूट खालीवर हलवू लागले आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा सावरत हवेत वल्हं मारू लागलो. काही वेळाने माझा हात खरंच त्या झोक्यावर पडायला लागला. मला इतकी मजा आली की मी थांबा म्हणालो नाही. आम्ही दोघांनी मिळून केलेला प्रवास तेवढाच.

आमच्याकडे व्यापारी वारे नाहीत. आमच्याकडे वैशाख-ज्येष्ठात थोडे आठवडे नैर्ऋत्येचा नीट वारा चालतो, मग पावसाळा उसळतो आणि समुद्र बंद. म्हणजे एक वर्ष चुकलं की चुकलंच. पहिल्या वर्षी फोन आला तेव्हा मला निवडणुकीचं काम होतं. ते खरं होतं. दुसऱ्या वर्षी गावाकडे लग्न होतं. तेही खरं होतं, पण ते माझ्या चुलत्याच्या साल्याच्या मुलीचं होतं आणि मी गेलो नसतो तर तिथे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. तिसऱ्या वर्षी कंबर. चौथ्या वर्षी शाळाप्रवेशाची मोहीम. त्यानंतर मी कारणांचा हिशेब ठेवला नाही, साडूंनीही ठेवला नाही. ते नुसतं म्हणायचे, "बरं. पुढला साल देखू." आणि बायकोला फोन द्यायला सांगून तिची ख्यालीखुशाली विचारायचे. होडी भिंतीवर टांगलेली राहिली.

खरं कारण साधं होतं. मला पोहता येत नाही आणि मला पाण्याची भीती वाटते. गुडघाभर पाण्यातही वाटते. सगळ्या महासागरांचे प्रवाह मी मुलांकडून घोकून घेतले, पण हे एक वाक्य साडूंना सांगायला माझी जीभ उचलली नाही. सांगितलं असतं तर त्या माणसाने मला धरून पोहायला शिकवलं असतं, किंवा स्वतःच मेहुणीकडे जाऊन दुसऱ्या कोणाला सोबत न्यायची परवानगी मागितली असती. मी सांगितलं नाही, कारण गुरजीचा रुबाब. एका माणसाचा जन्मातला एकुलता एक छंद माझ्या रुबाबाखाली इतकी वर्षं दबून राहिला, आणि तो माझ्यावर एकदाही रागावला नाही, हे मला सहन होत नाही.

या वर्षी मी निवृत्त झालो. एप्रिलभर मी वॉर्डातल्या तरणतलावावर जाऊन, कडेचा दांडा धरून, पाय मारायला शिकलो. फोनची वाट पाहत होतो. वैशाख संपत आला तरी फोन आला नाही, तेव्हा एका दुपारी मीच कोसाडला गेलो. साडू बाहेर खाटेवर बसले होते. मेहुणीने मला पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की यांचा उजवा खांदा दिवाळीपासून धरलाय, हात वर जात नाही, केसही मीच विंचरते. डॉक्टर म्हणाले आता एवढंच. तुम्हाला सांगू नको म्हणून मला बजावलंय.

मी बाहेर आलो. होडीत बसायचं ठरवूनच आलो होतो, आणि न बोलता परत जाणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "साडूभाऊ, मी तयार आहे. केव्हा निघायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग डोळे भरून आले, आणि मग त्यांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या दोरीवरच्या साड्या आडव्या फडफडत होत्या, एक तर चिमट्यातून निसटून विजेच्या खांबाला गुंडाळली गेली होती.

"आज वारा नही शे, गुरजी," ते म्हणाले. "पडेल शे."

"हो," मी म्हणालो. "पानसुद्धा हलत नाही."

मेहुणीने चहा आणला. साडूंनी डाव्या हाताने बशी धरली आणि मीही माझा चहा बशीत ओतला. चहावर वाऱ्याने बारीक लाटा उठत होत्या, एकीमागून एक, सगळ्या एकाच बाजूला. आम्ही दोघंही त्यांच्याकडे न बघता चहा पीत राहिलो.